परकी वाट, सरकारी कुलूप : १८७८ ते २०२०

२९ जून २०२०, सोमवार. सायंकाळी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एक पत्रक काढले. देशाचे सार्वभौमत्व, अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांना बाधक असलेल्या ५९ मोबाइल ॲप्सवर बंदी घालण्यात येत असल्याचे त्यात म्हटले होते. टिकटॉक, हेलो, शेअरइट, यूसी ब्राउझर, वीचॅट, कॅमस्कॅनर ही त्यांतील ओळखीची नावे. दुसऱ्या दिवशी टिकटॉक प्ले स्टोअरवरून हटले, आणि ज्यांच्या फोनमध्ये ते आधीपासून होते त्यांच्याही पडद्यावर चित्रफिती उमटणे थांबले. त्या वेळी भारतात त्याचे सुमारे २० कोटी वापरकर्ते होते.

इंटरनेटच्या युगातील ही घटना असल्याने ती अगदी नवी वाटते. प्रत्यक्षात परदेशातून येणारा मजकूर सीमेवरच अडवण्याची भारतातील कायदेशीर पद्धत तेव्हा १४२ वर्षांची झाली होती. तिचा सर्वांत गाजलेला प्रयोग ज्या पुस्तकावर झाला, त्याचा लेखक नाशिक जिल्ह्यातला होता. ते पुस्तक ज्या उठावाविषयी होते, त्याची एक ठिणगी याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, पेठच्या डोंगरात पडली होती. म्हणून सुरुवात पेठपासून.

नाशिकहून सावळघाट ओलांडून धरमपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे पेठ हे आज तालुक्याचे गाव आहे. ब्रिटिश काळात ते एक लहान संस्थान होते. डिसेंबर १८५७ मध्ये या भागातील कोळी उठले आणि हरसूलचा बाजार लुटला गेला. उठावाचा ठपका ठेवून संस्थानिक घराण्याशी संबंधित भगवंतराव यांना फाशी देण्यात आली. पुढे संस्थान बेगमेच्या नावाने नाममात्र उरले. १८७८ मध्ये तिच्या निधनानंतर तेही संपले आणि पेठ नाशिक जिल्ह्याचा एक तालुका झाला.

१८७८ हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी मार्च महिन्यात कलकत्त्यात लागोपाठच्या क्रमांकांचे दोन कायदे झाले. नववा कायदा देशी भाषांतील वृत्तपत्रांवर लगाम घालणारा. तो शालेय पुस्तकांतही असतो, लॉर्ड लिटनच्या नावावर बदनाम आहे आणि रिपनच्या काळात, १८८२ मध्ये रद्दही झाला. त्याच्या आधीचा आठवा कायदा मात्र कोणत्याच पाठ्यपुस्तकात सापडत नाही. तो होता समुद्रमार्गे येणाऱ्या मालावरील जकातीचा, म्हणजे सी कस्टम्स ॲक्ट. नाव इतके कंटाळवाणे, की त्याच्याविरुद्ध सभा घेण्याचे कोणाला सुचले नसेल.

या कायद्याच्या १९ व्या कलमात एक साधी सोय होती. गव्हर्नर जनरलने राजपत्रात एक अधिसूचना काढली की कोणत्याही प्रकारचा माल देशात आणण्यास बंदी. माल म्हणजे अफू, मीठ, हत्यारे, आणि छापील कागदसुद्धा. खटला नको, ज्यूरी नको, लेखकाची हजेरीही नको. वृत्तपत्र कायद्याला देशातला मुद्रक लागत असे, ज्याला बोलावून जामीन मागता येईल. परदेशात बसलेल्या मुद्रकाचे काय करायचे, हा प्रश्न जकात कायद्याने सोडवला. माणूस हाती लागत नसेल, तर त्याचे पार्सल बंदरावर हाती लागते.

या कलमाचा खरा उपयोग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कळला. श्यामजी कृष्णवर्मा लंडनहून काढत असलेले 'इंडियन सोशिऑलॉजिस्ट' हे नियतकालिक १९०७ मध्ये भारतात येण्यापासून रोखले गेले. त्यानंतर पाळी आली भगूरच्या विनायक दामोदर सावरकरांची.

सावरकर १९०६ मध्ये बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. तिथे इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात बसून त्यांनी १८५७ च्या उठावाचा इतिहास मराठीत लिहिला. सरकार ज्याला शिपायांचे बंड म्हणत होते त्याला त्यांनी स्वातंत्र्ययुद्ध म्हटले. इंग्रजी भाषांतर सहकाऱ्यांनी केले आणि १९०९ मध्ये पुस्तक हॉलंडमध्ये छापले गेले. गंमत अशी की, हिंदुस्थान सरकारने जुलै १९०९ मध्ये जकात कायद्याखाली त्याच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा ते पुस्तक बाजारात आलेलेच नव्हते. जे वाचलेले नाही, त्याला धोकादायक ठरवणारी ही अधिसूचना होती. प्रती तरीही आल्या. निरुपद्रवी इंग्रजी कादंबऱ्यांची वेष्टने चढवून त्या पाठवल्या गेल्या, असे सांगितले जाते.

इथवरची कथा मराठी वाचकाला सुखावते. दडपणारे सरकार मूर्ख, चोरवाट काढणारे शूर. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस नाशिकमध्ये जे घडले ते या कथेला इतके सरळ राहू देत नाही. लंडनहून केवळ पुस्तकेच येत नव्हती. त्याच वर्षी २० ब्राउनिंग पिस्तुलेही चतुर्भुज अमीन यांच्या सामानातून लपवून भारतात आली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाचा प्रयोग असताना अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या याच पिस्तुलांपैकी एकातून. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना एप्रिल १९१० मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

म्हणजे सरकारला वाटणारी भीती पोकळ नव्हती. परकी वाटेने खरोखरच शस्त्र आले होते. ज्याला आज राष्ट्रीय सुरक्षा म्हणतात त्या शब्दाच्या मागे बहुतेक वेळा काहीतरी खरे असते, आणि म्हणूनच तो शब्द इतका उपयोगी पडतो. दोष भीतीत नव्हता, हत्याराच्या पल्ल्यात होता. पिस्तूल आणि पुस्तक यांच्यात जकात कायदा भेद करीत नव्हता, कारण त्याच्या लेखी दोन्ही मालच. जॅक्सनच्या वधानंतर सात आठवड्यांच्या आत, फेब्रुवारी १९१० मध्ये, नवा प्रेस कायदा आला आणि ज्यांनी पिस्तूल कधी पाहिलेही नव्हते अशा देशभरातील छापखान्यांकडून अनामत रक्कम मागितली जाऊ लागली.

पुढची यादी लांबलचक आहे. मादाम कामा यांचे 'वंदे मातरम्', बर्लिनचे 'तलवार', आणि १९१३ पासून सॅन फ्रान्सिस्कोहून निघणारे 'गदर', ज्या चळवळीत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते. सारे बंदरावर किंवा टपालात अडवले जाई. सावरकरांच्या पुस्तकावरील बंदी १९४६ मध्ये उठली, म्हणजे ३७ वर्षांनी.

आता या जप्तीची एक बाजू, जी इतिहासाच्या अभ्यासकाला फार मोलाची आहे. वसाहतीचे सरकार कागदाचे वेडे होते. जप्त केलेल्या पत्रकाची, चोपड्याची, गाण्याच्या पुस्तिकेची प्रत ते फायलीला जोडून ठेवी. कोणत्या अधिकाऱ्याने काय शेरा मारला, कोणी हरकत घेतली, कोणी 'हे पुस्तक आहे तरी काय' असे विचारले, हे सगळे गृहखात्याच्या कागदांत उरले. जप्त साहित्याचे मोठे संग्रह आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि त्यांत मराठी साहित्यही आहे. लेखकाच्या घरी प्रत उरली नाही, वाचकाने भीतीने जाळली, पण जप्त करणाऱ्याच्या कपाटात ती राहिली. विसाव्या शतकातील क्रांतिकारक साहित्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकांना सरकारी कपाटाचे ऋण मानावे लागते, ही थोडी विचित्र कृतज्ञता आहे.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले, पण कलम राहिले. १८७८ चा जकात कायदा १९६२ पर्यंत चालू होता. त्याची जागा घेणाऱ्या कस्टम्स ॲक्टच्या ११ व्या कलमात आयात रोखण्याच्या कारणांची यादी आहे, आणि तिच्यातील पहिले कारण भारताची सुरक्षितता हे आहे. ऑक्टोबर १९८८ मध्ये सलमान रश्दी यांच्या 'द सॅटॅनिक व्हर्सेस' या कादंबरीची आयात याच कायद्याखाली रोखली गेली. तिचे पुढे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. एका वाचकाने या बंदीला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. न्यायालयाने अधिसूचना मागितली. कोणत्याच खात्याला ती सापडेना. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने म्हटले की, अशी अधिसूचना अस्तित्वातच नाही असे गृहीत धरण्यावाचून पर्याय नाही. ३६ वर्षे पाळली गेलेली बंदी, आणि तिचा कागद नाही. १९०९ ची फाईल सापडते, १९८८ ची सापडत नाही.

मध्यंतरी एकदा सरकारने परक्या वाहिनीला वेगळ्या रीतीने तोंड दिले होते, ते जाता जाता सांगायला हवे. १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांना आकाशवाणीवरील चित्रपटगीते खटकत. गाणी आटली तसा श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. 'बिनाका गीतमाला' मुंबईत ध्वनिमुद्रित होई, कोलंबोला जाई आणि तिथून लघुलहरींवर पुन्हा भारतात येई. परकी नभोवाणी, परक्या भूमीवरचे प्रक्षेपक, आणि श्रोते सगळे भारतीय. लहरींना जकात नाका लावता येत नाही. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि श्रोत्याला त्याची गाणी देशी केंद्रावर मिळाली. प्रश्न सुरक्षेचा नव्हता, अभिरुचीचा होता, हे खरे. तरीही परक्या वाहिनीचा श्रोता परत आणण्याचा हा मार्ग अजून कोणी खोडून काढलेला नाही.

इंटरनेटला जकात नाका लावण्याची सोय मुंबईवरील हल्ल्यानंतर झाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत शिरलेल्या अतिरेक्यांशी त्यांचे सूत्रधार सीमेपलीकडून इंटरनेटवरील दूरध्वनी सेवेद्वारे बोलत होते. त्यानंतर महिन्याच्या आत, डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, संसदेने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील दुरुस्ती मंजूर केली. विधेयक दोन वर्षांपासून पडून होते. मंजुरीला मात्र फारशी चर्चा लागली नाही. त्या दुरुस्तीने ६९ अ हे कलम आले. सार्वभौमत्व, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था या कारणांसाठी कोणतीही ऑनलाइन माहिती जनतेपासून रोखण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. आदेश न पाळणाऱ्या कंपनीच्या जबाबदार माणसाला सात वर्षांपर्यंत कैद. कलम आणि त्याचे नियम २७ ऑक्टोबर २००९ रोजी लागू झाले. हॉलंडमध्ये छापलेल्या त्या पुस्तकाला तेव्हा बरोबर शंभर वर्षे होत होती; योगायोगच, पण नोंदवावासा.

बंदी हा एकमेव उपाय आहे असे त्या काळात सरकारलाही वाटत नव्हते. कॅनडाच्या ब्लॅकबेरी फोनवरील संदेश तपास यंत्रणांना वाचता येत नव्हते. २०१० मध्ये सरकारने सेवा बंद करण्याची मुदत दिली, वाटाघाटी चालल्या, आणि दोनेक वर्षांत कंपनीने मुंबईत सर्व्हर बसवला. वाहिनी परकी राहिली, तिची एक किल्ली देशात आली. नागरिकाच्या खासगीपणाच्या दृष्टीने हा तोडगा चांगला होता की वाईट, याबद्दल दोन मते होऊ शकतात. पण दार आणि भिंत यांच्यामध्येही काही असते, एवढे त्यातून दिसते.

त्याच कायद्याचे ६६ अ हे कलम पेठच्या नैऋत्येला, डोंगराखालच्या पालघरमध्ये प्रसिद्धीला आले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल एका तरुणीला आणि ते पसंत केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली. त्या संतापातून श्रेया सिंघल खटला उभा राहिला. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६६ अ रद्द केले. त्याच निकालात ६९ अ मात्र वैध ठरवले. न्यायालयाचा युक्तिवाद असा की, या कलमात कारणे लेखी नोंदवावी लागतात, समिती बसते, मजकूर देणाऱ्याला किंवा कंपनीला म्हणणे मांडता येते आणि आदेशाला न्यायालयात आव्हान देता येते. निकाल साजरा करणाऱ्यांचे या दुसऱ्या भागाकडे फारसे लक्ष गेले नाही.

दोन बारीक नियम मात्र शिल्लक होते. नववा नियम म्हणतो, निकड असेल तर सुनावणीआधीच बंदी घालावी आणि ४८ तासांच्या आत प्रकरण समितीपुढे न्यावे. सोळावा नियम म्हणतो, तक्रारी आणि त्यांवरील कारवाई काटेकोरपणे गोपनीय राहील. कारणे लेखी असतील, पण ती कोणाला दिसणार नाहीत. कुलूप आहे, किल्ली आहे, आणि किल्ली कोणत्या खिशात आहे हे सांगायचे नाही.

आता जून २०२०. १५ तारखेला लडाखच्या गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत भारताचे २० जवान मृत्युमुखी पडले. महिनाअखेरीस त्याच खोऱ्यात, नदीत पडलेल्या सहकाऱ्यांना वाचवताना मालेगाव तालुक्यातील साकुरीचे जवान सचिन मोरे यांना वीरमरण आले. नाशिक जिल्ह्यासाठी चीनची सीमा त्या आठवड्यात दूरची राहिली नव्हती. त्यानंतर काही दिवसांतच ५९ ॲप्सचे पत्रक आले. वापरकर्त्यांची माहिती देशाबाहेरील सर्व्हरवर गुपचूप पाठवली जाते, असा आरोप त्यात होता. चीनचे नाव मात्र संपूर्ण पत्रकात कुठेही नव्हते. जुलैअखेर आणखी ४७, २ सप्टेंबरला पबजीसह ११८, नोव्हेंबरमध्ये ४३. कंपन्यांना प्रश्नावली पाठवून उत्तरे मागवली गेली आणि जानेवारी २०२१ मध्ये पहिल्या ५९ ॲप्सवरील बंदी कायम झाली.

ही भीतीही, १९०९ च्या भीतीप्रमाणेच, पोकळ नव्हती. चीनच्या २०१७ च्या गुप्तवार्ता कायद्यानुसार तिथल्या संस्थांनी राज्याच्या गुप्तवार्ता कार्याला साहाय्य करणे बंधनकारक आहे. टिकटॉकची मालक कंपनी बाइटडान्सने डिसेंबर २०२२ मध्ये मान्य केले की, तिच्या काही कर्मचाऱ्यांनी अमेरिकी पत्रकारांच्या खात्यांची माहिती अयोग्य रीतीने पाहिली होती. शिवाय फेसबुक आणि ट्विटर यांना २००९ पासून स्वतःच्या भूमीवर येऊ न देणाऱ्या देशाने खुल्या बाजाराचे दाखले द्यावेत, हे कोणालाही पटण्यासारखे नव्हते. बंदीच्या बाजूने उघडपणे मांडता येईल असे पुष्कळ होते. ते उघडपणे मांडले गेले नाही, एवढाच मुद्दा आहे.

अमेरिकेत हेच प्रकरण कसे चालले ते शेजारी ठेवले की फरक दिसतो. तिथे एप्रिल २०२४ मध्ये संसदेने रीतसर कायदा केला : मालकी विका, नाही तर बंद करा. कंपनी न्यायालयात गेली. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद जगाने ऐकले. १७ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला, आणि निकालात हेही नमूद केले की सरकारने दिलेला गोपनीय पुरावा विचारात घेतलेला नाही. निकाल कंपनीच्या विरुद्धच गेला. परंतु तो का गेला, हे शंभर वर्षांनंतरचा विद्यार्थीही वाचू शकेल. (त्यानंतर नव्या राष्ट्राध्यक्षांनी अंमलबजावणीच पुन्हा पुन्हा पुढे ढकलली, ती वेगळी करमणूक.) नेपाळने सप्टेंबर २०२५ मध्ये नोंदणीचे कारण देऊन २६ समाजमाध्यमे एकदम बंद केली, तेव्हा चार-पाच दिवसांत तरुण रस्त्यावर आले, गोळीबारात माणसे मेली आणि पंतप्रधानांना राजीनामा द्यावा लागला. भारतात २०२० मध्ये तसे काहीच झाले नाही. गलवानचा राग मोठा होता, आणि टाळेबंदीत रस्ते रिकामे होते.

झाले ते निराळेच. टिकटॉक गेल्यावर मोज, जोश, चिंगारी अशी देशी ॲप्स पुढे आली आणि स्वावलंबनाच्या घोषणा झाल्या. ८ जुलै २०२० रोजी, म्हणजे बंदीनंतर अवघ्या नऊ दिवसांनी, इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सचा पहिला प्रयोग भारतातच केला. प्रेक्षकांचा मोठा लोंढा तिकडे गेला. वाहिनी परकीच राहिली, फक्त मालक पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकला. केसकरांच्या वेळी सिलोनचा श्रोता विविध भारतीवर आला होता. या वेळी तो कॅलिफोर्नियाला गेला.

ही अदलाबदल शहरी वापरकर्त्याला फारशी जाणवली नाही. ज्याला आधीच इन्स्टाग्राम वापरता येत होते, त्याने खाते बदलले. तोटा झाला तो ज्यांचे पहिले आणि एकमेव व्यासपीठ टिकटॉक होते त्यांचा. धुळे जिल्ह्यातल्या लहानशा गावातले कुटुंब असो वा मराठवाड्यातला ऊसतोड मजूर, नाव, शिक्षण, जात, प्रमाणभाषा यांपैकी काहीही न विचारणारा तो पडदा होता. ॲप भारतात १४ भाषांत चालत होते, पण त्याचे खरे बळ असे की ते वापरायला लिहिता येण्याची गरज नव्हती.

पेठ तालुक्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. इथे कोकणा, महादेव कोळी, वारली वस्ती मोठी. घरात बोलली जाते ती बोली शाळेच्या पुस्तकातल्या मराठीपासून बरीच दूर. भात, नागली, वरईची शेती पावसाळ्यापुरती, आणि सुगीनंतर नाशिकच्या द्राक्षबागांकडे किंवा गुजरातेत कामासाठी स्थलांतर. बोहाड्याची सोंगे, पावरीचे सूर, डोंगऱ्या देवाची गाणी यांची नोंद आजवर कोणी केली असेल तर ती बाहेरून आलेल्या अभ्यासकाने. पुस्तके छापली गेली ती या लोकांविषयी. त्यांनी स्वतः छापलेले हाताच्या बोटांवर मोजावे इतके. स्वस्त फोन आणि स्वस्त डेटा २०१६ नंतर आला, आणि नेटवर्कसाठी टेकाडावर चढावे लागत असले तरी डोंगरातल्या माणसाला स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या अंगणात उभे राहून काही दाखवता येऊ लागले. त्यात विनोद होते, हिंदी गाण्यांवरचे ओठ हलवणे होते, पुष्कळ थिल्लरपणाही होता. पण इतिहासाच्या साधनांपैकी कोणते साधन थिल्लर नसते? बाजारातल्या लावणीच्या चोपड्या आणि तमाशाच्या जाहिराती आज अभ्यासक शोधत फिरतात.

२९ जूनच्या आदेशाने या साऱ्या नोंदींवर पडदा पडला. काहींनी चित्रफिती आधीच उतरवून ठेवल्या होत्या, बहुतेकांनी नाही. त्या चित्रफिती आज जिथे असतील त्या सर्व्हरपर्यंत पेठचा माणूस पोहोचू शकत नाही, आणि भारतीय संशोधकही नाही. १९०९ मध्ये जप्त पुस्तकाची एक प्रत तरी कपाटात राहत असे. २०२० च्या बंदीने काही जप्त केलेच नाही. तिने केवळ दार लावले, आणि आतली वस्तू दुसऱ्या देशाच्या ताब्यात राहू दिली. देशाच्या सुरक्षेसाठी ॲप बंद करणे एक वेळ समजू शकते. बंद करण्याआधी वापरकर्त्यांना स्वतःच्या चित्रफिती उतरवून घेण्यासाठी आठवड्याची मुदत दिली असती, तर सीमेवर काय बिघडले असते, हे सांगणे कठीण आहे.

आणि खुद्द आदेश? बंदीच्या सहा महिने आधी, १० जानेवारी २०२० रोजी, अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेट सेवा स्थगित करणारे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत असे म्हटले होते. तो निकाल दूरसंचार नियमांखालच्या आदेशांबद्दल होता. ६९ अ च्या सोळाव्या नियमाची गोपनीयता तशीच राहिली. त्यामुळे ५९ ॲप्सवरील बंदीचा मूळ आदेश, समितीपुढील चर्चा, कंपन्यांनी प्रश्नावलीला दिलेली उत्तरे, यांतील काहीही जनतेपुढे आलेले नाही. सावरकरांच्या पुस्तकावर कोणत्या अधिकाऱ्याने काय शेरा लिहिला हे दिल्लीच्या अभिलेखागारात जाऊन वाचता येते. टिकटॉकच्या बाबतीत वाचकाच्या हाती आहे ते एक सरकारी प्रसिद्धिपत्रक आणि त्याला जोडलेली ५९ नावांची यादी. त्या यादीत पहिल्या क्रमांकावर टिकटॉक आहे.